शटर वीतभर वर होतं

मंचावर बसलेले अध्यक्ष यज्ञेश्वरजी, पुण्याहून आणि ग्वाल्हेरहून आलेले पाहुणे, आपल्या मराठी मंडळाचे पदाधिकारी, आणि समोर बसलेल्या माझ्या सगळ्या बहिणी आणि भाऊ, तुम्हा सर्वांना अहिल्याचा नमस्कार.

मंडळाच्या कार्यक्रमात माझी जागा मागे, चुलीपाशी. अध्यक्षजी म्हणाले, आज दोन शब्द तुम्हीही बोला. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला सजवून बोलता येत नाही. आज ज्यांचा निरोपाचा सत्कार आहे त्या लघाटे सरांना आतापर्यंत कोणी चंदन म्हटलं, कोणी दीपस्तंभ म्हटलं. म्हणा, चांगलंच आहे. मी गाडीच्या धुराबद्दल बोलणार आहे.

सर आत्ता हॉलमध्ये नाहीत. शाल झाली, नारळ झाला, ते दमले, म्हणून सूनबाई त्यांना मागे चहाला घेऊन गेल्यात. मी याचीच वाट बघत होते. हे त्यांच्यासमोर बोलता येणार नाही. का, ते पुढे कळेल.

माझा नवरा मारुती टॅक्सी चालवायचा. सिविल लाइंसमध्ये सरांच्या घरामागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो, शेजारीच शटरवालं गॅरेज. सरांना स्टेशनवर सोडायचं, आणायचं, ते मारुतीच करायचा. जानेवारीतली गोष्ट. सकाळी छावनीतली सवारी होती. बाहेर धुकं इतकं की समोरचं लिंबाचं झाड दिसेना. मारुतीनं गाडी सुरू केली, हीटर लावला, काचा साफ होईपर्यंत आत बसला. वारा येऊ नये म्हणून शटर खाली ओढलं. मी चहा घेऊन गेले तेव्हा गाडी सुरूच होती, आणि माझा माणूस संपला होता.

आता मी कोणाचं नाव घेत नाही, पण काय काय बोललात ते मला पाठ आहे. शेजारचे म्हणाले, "भाभी, गाड़ी का पोल्यूशन तो अभी-अभी पास हुआ था, धुएँ से कैसे मरेगा?" आपली माणसं त्याच्या पुढे गेली. म्हणाली, दार लावून बसला, मुद्दामच बसला. तेराव्याला निम्मी पानं रिकामी गेली. ज्यांना यायचं नव्हतं त्यांचा राग मी कधीच सोडला. पण घरात माझी रुपाली होती. आदल्या दिवशी तिचं आणि बापाचं वाजलं होतं. ती म्हणाली होती, "उद्यापासून मला कॉलेजात सोडायला येऊ नका, टॅक्सीतून उतरायची शरम वाटते." तुमचं बोलणं ऐकून तिनं काय धरलं असेल? बाबा माझ्यामुळे गेले. जेवण सुटलं तिचं. मी आई, मी काय सांगणार? मलाच कुठे माहीत होतं?

लघाटे सर तेराव्याला आले, जेवले, आणि रुपालीला म्हणाले, "चल, गॅरेजमध्ये जाऊ." मीही गेले मागून. त्यांनी तिला तिथे स्टुलावर बसवलं आणि वर्गात सांगतात तसं सांगितलं.

"धुरात सगळ्यात जास्त काय असतं? नायट्रोजन. तोच, जो आपण रोज श्वासातून घेतो आणि सोडतो. मग वाफ, पाण्याची. थंडीत पांढरं दिसतं ते तेच. मग कार्बन डायऑक्साइड. आणि एक थोडासा, कार्बन मोनॉक्साइड. मारतो तो हा."

रुपाली म्हणाली, "बाबा ड्राइवर थे, काका. वास आला नसेल त्यांना?"

"वास येतो तो अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा, आणि तो त्याला रोजचा. ह्याला वासच नाही. रंग नाही. आधी डोकं जड होतं, झोप येते. थंडीच्या सकाळी झोप आली तर माणूस घाबरतो का?"

"पण पोल्यूशन पास होतं."

"तपासणी गरम इंजिनाची होते. धूर साफ करणारी जाळी असते नळीत, ती तापल्याशिवाय कामच करत नाही. थंड इंजिन हा गॅस भरपूर सोडतं. हे तुझ्या बापाला कोणी सांगितलंच नव्हतं."

मग त्यांनी मला विचारलं, "अहिल्याबाई, तुम्ही आलात तेव्हा शटर पूर्ण खाली होतं?"

मी म्हटलं, नाही. वीतभर वर होतं, खाली वीट लावलेली. त्याला वाटायचं एवढी फट धुराला पुष्कळ.

सर रुपालीकडे वळले. "ज्याला मरायचंय तो वीट लावतो का, गं?"

पोर तेव्हा पहिल्यांदा रडली.

पण एकदा ऐकून असं दुःख जात नाही. लग्न होऊन ती भोपाळला गेली, तरी मन पुन्हा तिथेच गेलं की सरांना फोन. "काका, एक बार और बताओ ना." आणि सर कधी म्हणाले नाहीत की अगं किती वेळा. नायट्रोजनपासून सुरू करायचे, विटेपर्यंत यायचे.

आता सरांचं काय झालंय ते तुम्ही जाणता. सलीलभैया वडिलांना आपल्याकडे पुण्याला नेतायत ते उगाच नाही. मध्यंतरी रुपालीनं असाच फोन केला. सर म्हणाले, "बरं झालं फोन केलास. मारुतीला पाठव, स्टेशनला जायचंय."

रुपाली म्हणाली, "काका, बाबा नाहीत." सर म्हणाले, "नाहीत म्हणजे? कशानं?"

आणि मग माझ्या पोरीनं त्यांना सांगितलं. मोडक्या मराठीत, अडखळत. नायट्रोजन, वाफ, तो बिनवासाचा गॅस, थंड इंजिन. शेवटी वीट. सर्व तिच्या तोंडून आलं. सर ऐकत राहिले. म्हणाले, "बरोबर आहे. म्हणजे कोणाचाच दोष नाही." आणि फोनवर लहान मुलासारखे रडले, मारुतीसाठी. त्यांच्यासाठी तो त्या क्षणी गेला होता.

रुपालीनं त्यानंतर कधी 'एक बार और' म्हटलेलं नाही. इथे बोलू का, तिला विचारलं. म्हणाली, बोल आई.

सलीलभैया, तुम्हाला एकच सांगणं आहे. पुण्यात ते मारुतीला बोलवतील. खरं सांगू नका. त्यांनी दिलेल्या खऱ्यावर माझं घर उभं राहिलं, पण त्यांना ते आता रोज नव्यानं सोसावं लागेल. येतोय म्हणा. गाडी पुसतोय म्हणा. चहा द्या, थोड्या वेळानं विसरतील.

अध्यक्षजी, तुम्ही मला उभं केलंत, आभारी आहे. सगळ्यांनी शांत बसून ऐकलंत, तुमचेही आभार. माझी जीभ धारेची आहे, कोणाला लागलं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला.

सर आत येतायत. उभे राहा सगळे.