समोरच्या दारातलं गाऱ्हाणं

...आणि वर बिल्डिंगमधले मलाच विचारतात हो, "जान्हवी, तू आरतीला का नाही येत गं?" मला! म्हणजे बाहेर साथ चालू आहे, सोसायटीच्या फाटकावर 'एकमेकांच्या घरी जाणे कटाक्षाने टाळावे' असा फलक लटकतोय, यंदा गणपतीत घरात घरचीच माणसं हवीत असं सरकारपासून माझ्या सासूबाईंपर्यंत सगळे सांगून दमलेत, आणि इथे चौथ्या मजल्यावर, आमच्या समोरच्या दारात, चपलांचा असा ढीग की त्यातली एक कोल्हापुरी सरकत सरकत आमच्या पायपुसण्यावर येऊन बसलीय... आणि विचित्र कोण? तर मी. दार लावून बसते ती.

मी काही बोलले नाही. बोलणार काय?

तुम्हाला सांगते, मी काही भांडकुदळ नाही. मी भित्री आहे. त्यातून शिकलेली भित्री, म्हणजे अजून वाईट, कारण साधा भित्रा माणूस नुसता भितो, मी आलेख काढून भिते. एप्रिलमध्ये, अख्खी बोरीवली कुलूपबंद असताना, आमची प्रांजल झाली. तेव्हापासून त्या पोरीने आईबापाशिवाय कुणाचा हात अंगाला लागू दिलेला नाही, म्हणजे मी दिलेला नाही. बारसं व्हिडिओवर. मुलुंडची आजी, माझी आई, म्हणजे तिच्या लेखी एक तळहाताएवढी बाई, चार्जिंग संपलं की जाते. दुधाची पिशवी साबणाने धुवायची, लिफ्टचं बटण टूथपिकने दाबायचं, भाजी आधी मिठाच्या पाण्यात, मग सोड्याच्या पाण्यात... एकदा घाईघाईत मी ती भांड्यांच्या साबणात बुडवली, तर सुयोग, माझा नवरा, आमटीचा घोट घेऊन शांतपणे म्हणाला, आज कोथिंबिरीला फेस आलाय. आता मला कळत नाही का, की मी जरा जास्त करते? कळतं ना. पण कमी किती करायचं ते कुणी सांगत नाही, त्याचं काय?

आणि समोर कोण राहतं, तर दत्तारामकाका आणि मालनकाकी परब. काकांचा जन्म गेला गोरेगावच्या एका स्टुडिओत लाइटी चढवण्या-उतरवण्यात, त्यामुळे आवाज असा, की त्यांनी "चहा टाक" म्हटलं की खालच्या तीन मजल्यांवर आधण चढतं. पण माणूस कसा म्हणाल... हीच तर पंचाईत आहे. मला कळा सुरू झाल्या त्या दिवशी आमची गाडी बंद. महिनाभर जागची हलली नव्हती, बॅटरी उतरलेली. रिक्षा नाही, टॅक्सी नाही, सुयोग नुसता चावी फिरवतोय आणि माझ्याकडे बघतोय, जशी काही मीच बॅटरी आहे. तेव्हा धावून कोण आलं? काका, लुंगी वर खोचून. मागून गाडीला धक्का देत पार फाटकाबाहेर, उतारापर्यंत, आणि बाजूने काकी पळतायत, खिडकीतून माझ्या तोंडात खडीसाखर घालतायत. आता ज्या माणसाने तुम्हाला कळा येत असताना गाडीसकट ढकललंय, त्याला तुम्ही "काका, जरा मास्क" असं कोणत्या तोंडाने सांगणार?

म्हणून मी काही बोलले नाही.

दरवर्षी यांचा गणपती गावाला, कुडाळच्या बाजूला, मोठ्या भावाकडे. चतुर्थीच्या आधीच दोघं निघायची आणि आमचा मजला शांत. यंदा गावाने कळवलं, मुंबईकरांनी यायचं तर आधी काही दिवस शाळेत वेगळं राहायचं. काकांचं म्हणणं पडलं, "साठ वर्सां जाली माका, आता शाळेत जावन बसू?" आणि बाप्पा बोरीवलीतच बसले. मी म्हटलं, ठीक आहे, दोन माणसं, एवढीशी शाडूची मूर्ती, होईल शांतपणे...

शांतपणे! पहिल्या संध्याकाळी तळमजला आला. मग बी विंग आली. नालासोपाऱ्याहून पुतण्या नितेश आला तो मृदंग घेऊन, आणि नितेश मृदंग वाजवतो म्हणजे समोरच्या घरात वाजवतो आणि आमच्या घरातली वाटी कपाटात नाचते. मी दाराच्या भिंगातून बघतेय, प्रांजल खांद्यावर, आणि बघते तर काय, पहिल्या रांगेत झांजा घेऊन कोण? हरेश्वर म्हात्रे. आमचे सेक्रेटरी. तो फाटकावरचा फलक ज्यांनी स्वतःच्या अक्षरात रंगवलाय ते. मास्क होता हं, हनुवटीला. नंतर सुयोगने विचारलं तर म्हणाले, मी पाहणी करायला गेलो होतो. झांजा घेऊन पाहणी!

दुसऱ्या दिवशी मी सुयोगला धाडलं. नीट पढवून धाडलं, की गोड बोल, बाळाचं नाव सांग, माझ्यावर ढकल. तो गेला आणि मोदक खाऊन परत आला. काय म्हणाले काका? तर म्हणाले, "अरे सुयोगा, मी खंय कोणाक बोलावलंय? गणपतीक आमंत्रण नसता. ते माझ्याकडे येनत नाय, गणपतीकडे येतत. देवाच्या पावण्याक मी दारातना परत धाडू?"

सांगा आता, आहे याला उत्तर? मोठमोठ्या डॉक्टरांकडे तरी आहे? मी अर्धी रात्र उत्तर शोधलं आणि सकाळी मनातल्या मनात काकांशी बोलून हरले सुद्धा.

आणि मग ते गाऱ्हाणं. तुमच्या-आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार, पण यांच्याकडे तसं नाही. यांच्याकडे आरती झाली की एकाने देवापुढे उभं राहून मोठ्याने मागणं मांडायचं, आणि बाकीच्यांनी दर मागण्याला एका दमात "व्हय म्हाराजा" म्हणायचं, म्हणजे देवाला कळतं की ठराव एकमताने पास झालाय. तर काका मांडतायत, बा देवा म्हाराजा, नितेशाची नोकरी सुटली हा ती परत मिळू दी, व्हय म्हाराजा, खालच्या शांताबाईच्या गुडघ्याक आराम दी, व्हय म्हाराजा, आणि मी इकडे दाराला कान लावून, कारण खरं सांगू का, ऐकायला फार बरं वाटत होतं, महिनोन् महिने इतक्या माणसांचा एकत्र आवाज ऐकलाच नव्हता... तेवढ्यात काका म्हणतात, "आणि ह्या समोरच्या चेडवाच्या मनात जा काय भय बसला हा, ता दूर कर, आणि तिका दार उघडूची बुद्धी दी रे म्हाराजा!"

आणि वीस माणसं, वीसही हनुवट्यांवर मास्क, माझ्या दाराकडे तोंड करून, "व्हय म्हाराजा!"

माझ्या बुद्धीचा ठराव. माझ्याच दाराबाहेर. सेक्रेटरींच्या अनुमोदनासह. सुयोग तर स्वयंपाकघरात जाऊन हसला, नळ सोडून, मला ऐकू जाऊ नये म्हणून. मी दाराची वरची कडीही लावली.

आणि मग नितेशला ताप आला, तिकडे नालासोपाऱ्याला, त्याच्या घरी. तपासणीत निघालं. पाठोपाठ काका आणि काकींचंही निघालं, सौम्य होतं, घरातच राहा म्हणाले, पण पालिकेची माणसं येऊन आमच्या मजल्याला पट्टी लावून गेली. तिसरं घर शहांचं, ते मार्चपासून राजकोटला. म्हणजे मजल्यावर उरलो आम्ही, परब, आणि बाप्पा. दोन आठवडे खाली उतरायचं नाही.

आज हसत सांगतेय, पण त्या दिवशी मला असा राग आला, असा राग आला... म्हटलं, आपण एवढ्या कोथिंबिरी धुतल्या त्या याच्यासाठी? आमची तपासणी ठीक निघाली, पण डॉक्टरीणबाई व्हिडिओवर म्हणाल्या, बाळावर लक्ष ठेवा, ताप वगैरे येतोय का बघा. लक्ष ठेवा! एप्रिलपासून मी दुसरं काय करतेय? मी प्रांजलच्या कपाळाला हात लावायची, पुन्हा लावायची, पुन्हा लावायची, इतका की त्या एवढ्याशा कपाळाला माझ्याच हाताची ऊब यायची आणि मला वाटायचं, आला ताप.

आणि गंमत बघा. चपला गेल्या. सगळ्या. ती आमच्या पायपुसण्यावरची कोल्हापुरीसुद्धा कुणी कधी नेली कळलं नाही. गणपतीकडे येणारे गणपतीलाही न सांगता बंद झाले. म्हात्रेसाहेबांनी ग्रुपवर सहा नमस्कार टाकले आणि त्यांची पाहणी संपली. मी आठवडाभर ज्या शांततेसाठी चरफडत होते ती मिळाली, आणि तुम्हाला सांगते, मला ती सहन होईना. भिंगातून बघायला काही नाही. समोर नुसतं बंद दार, आणि आत काकींचा खोकला.

मग काय, पॅसेजमध्ये मधोमध एक स्टूल ठेवलं. आम्ही डबा ठेवायचा, दार लावायचं, मग त्यांनी उघडायचं. जेवण दिलं ते दिलं, पण काकींचा फोन, की बाय, नैवेद्याचा काय ता बघ, माझ्यान उभ्यान रवाक येना नाय. आता उकडीचे मोदक मी आयुष्यात केलेले नाहीत. व्हिडिओ बघून केले. बहुतेक फुटले, एक राहिला तो मोमोसारखा दिसत होता, तोच बाप्पाला पाठवला, फुटलेले काका-काकींना. संध्याकाळी काकींचा निरोप, "माझ्या जिभेक सध्या चव नाय, ता एक बरा जाला." अशी बाई! एवढ्या आजारात टोमणा मारायची ताकद कुठून आणते? मी फोन ठेवून रडले. मग हसले. मग जाऊन कपाळाला हात लावून आले, प्रांजलच्या.

विसर्जनाचा दिवस आला. फाटकाशी सोसायटीने पिंप ठेवलेलं, पण आम्हाला खाली जायला बंदी, आणि बाप्पाला परक्या माणसाच्या हाती देऊन पाठवायला काका तयार नाहीत. घरात विसर्जन करायचं तर मूर्ती मावेल एवढी बादली ना त्यांच्याकडे ना आमच्याकडे. मजल्यावर एकच मोठं भांडं, प्रांजलचा आंघोळीचा टब. गुलाबी, त्यावर बदकं, माझ्या भावाने पाठवलेला. आल्यावर मी तो आठ दिवस गॅलरीत उन्हात ठेवलेला, मग धुतलेला, मग परत ठेवलेला. आणि मीच म्हणाले, टब द्या त्यांना. का म्हणाले माहीत नाही. सुयोगने माझ्याच कपाळाला हात लावून बघितला.

तर टब भरून पॅसेजच्या मधोमध ठेवला. अलीकडे आम्ही, दार उघडं पण सेफ्टी डोअर बंद, प्रांजल माझ्या कडेवर. पलीकडे ते दोघं, आणि त्यांच्या पुढ्यात पाटावर बाप्पा. काकांचा मास्क नाकावर. इतक्या महिन्यांत काकांचं नाक झाकलेलं मी प्रथमच बघत होते आणि त्यात ते कसे कोण जाणे, लहान दिसत होते. काकी भिंतीला टेकून उभ्या, त्यांनी जाळीतून प्रांजलला बघितलं, कितीतरी वेळ बघितलं, म्हणाल्या, "बापाशीच्या वळणार गेला गो चेडू," आणि लगेच खोकल्या आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या, आमच्या बाजूला येऊ नये म्हणून.

काकांनी हात जोडले. गाऱ्हाणं सुरू केलं. गावचे सगळे देव घ्यावे लागतात आधी, रवळनाथ झाला, सातेरी झाली, वेतोबा झाला, सीम राखणारो तो, पाणंदीतलो तो, नुसती बोलावणी, आणि आवाज असा, की पॅसेज ओलांडून आमच्यापर्यंत जेमतेम येत होता. मग पहिलं मागणं. "आज तुका मुंबयत बसयलो, काय चूकभूल जाली असात ती पोटात घाल रे म्हाराजा." आणि थांबले.

थांबावं लागतंच ना. तिथे लोक म्हणतात. त्या थांब्यात रोज वीस माणसं असायची, त्या दिवशी फक्त आमच्या फ्रिजचा आवाज होता. काकींनी म्हणायला तोंड उघडलं आणि खोकलाच आला. काका वाट बघतायत, खाली मान घालून. सुयोग माझ्याकडे बघतोय.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. मुलुंडच्या शुद्ध उच्चारात. काकांनी मान वर न करता पुढचं मागणं घातलं. नितेशला बरं कर, व्हय म्हाराजा. माझ्या म्हातारीचो खोकलो जाऊ दी, व्हय म्हाराजा, हे मी जरा मोठ्याने म्हटलं. जमायला लागलं मला. एक लय असते हो त्याला, विचार करायला वेळच नसतो, ते थांबले की तुम्ही म्हणायचं.

आणि काका म्हणाले, "माझ्या दारार माणसां इली, ती मीया थांबवूक नाय. त्येच्यातसून ह्या समोरच्या घरार, त्या लेकरार, काय संकट येवचा असात, तर ता तेंच्यार घालू नको. ता माझ्यार घाल रे म्हाराजा."

थांबले.

आठवडाभर मी याच्यावर चिडलेली. हेच तर मला हवं होतं ना, की यांना कळावं? आणि प्रांजल माझ्या मानेत नाक खुपसून झोपलेली, तिचा श्वास लागतोय मला, गरम की नेहमीचा तेही कळत नाहीये...

"नाय म्हाराजा," मी म्हटलं.

काकींचा खोकला थांबला. सुयोगने हातातलं आरतीचं ताट सावरलं. काकांनी मान वर केली, डोळे पुसले, आणि माझ्याकडे असे बघायला लागले, जशी काही मी देवापुढचा नारळच पळवला.

"अगो, नाय म्हणाचा नसता. गाऱ्हाण्यात नाय कोण म्हणता?"

"मी म्हणते. कुणावरच नाही घालायचं. तुमच्यावर तर नाहीच नाही."

"मगे देवान काय करूचा?"

"ते देवाने बघावं, काका."

मला वाटलं, दुखावले. मग त्यांनी बाप्पाकडे बघितलं, काकींकडे बघितलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "गाऱ्हाणा मोडला. आता परत पयल्यापासून घालूक व्हया."

आणि घातलं हो. पहिल्यापासून. रवळनाथ, सातेरी, वेतोबा, सीम राखणारो, पाणंदीतलो, आणि त्यात मघाशी विसरलेले दोन देव आठवले तेही. मुलगी झोपली की दुप्पट जड होते हे तुम्हाला माहीत असेल, माझा हात खांद्यापासून गेलेला, सुयोग ताट या हातातून त्या हातात घेतोय, बाप्पा ताटकळलेत... पण या वेळी मध्ये बोलायची माझी छाती नव्हती. प्रत्येक देवाला, न चुकता, व्हय म्हाराजा.