सात नंबरच्या न्हाणीघरातले टाचे

ता. १९ एप्रिल १९५५, मंगळवार, सकाळी साडेदहा.

मी मंजुळाबाई भ्रतार ज्योतीराम शेलार, वय अंदाजे चाळीस, धंदा गवंड्याच्या हाताखाली माल कालवण्याचा, मूळ गाव निघोजे, तालुका खेड, हल्ली राहणार पिंपरी, कारखान्याच्या वसाहतीच्या कामावरील झोपड्या. जमादार अर्जुनराव यांनी समक्ष विचारल्यावरून सांगते की,

मला कोणी बोलावलेले नाही. मी आपण होऊन आले आहे. गुलजार मिस्त्री, राहणार चाकण, यांना आज सकाळी आठ वाजता चौकीत आणून बसवले आहे. ठेकेदाराचे कारकून हिंदुराव यांची फिर्याद अशी की, मिस्त्रींनी रागाच्या भरात साहेबांच्या सात नंबर बंगल्याच्या न्हाणीघरात नव्या गिलाव्यावर हत्याराचे चारपाचशे घाव घातले, मोरीच्या भोकात चिंध्या कोंबल्या आणि आत पाणी तुंबवले. या तिन्ही गोष्टी मिस्त्रींनी केल्या हे खरे आहे. माझ्यासमोर केल्या. चिंध्या माझ्याच जुन्या लुगड्याच्या आहेत.

हिंदुराव या कामावर दोन महिन्यांपूर्वी आले. त्यांचे अक्षर सुरेख आहे. पण चिनी मातीच्या पांढऱ्या फरशा भिंतीला कशा लावतात ते त्यांनी पाहिलेले नाही. मीही गेल्या सालापर्यंत पाहिले नव्हते. फरक इतकाच की मी विचारले.

गुळगुळीत गिलाव्यावर फरशी धरत नाही. म्हणून गिलावा ओला आहे तोवर थापीच्या टोकाने त्याला टाचे मारतात, म्हणजे फरशीमागचा माल त्या खाचांत शिरून पकड घेतो. त्याआधी मिस्त्रींनी विटा भिजवल्या, पाणी अडवणारी पूड घालून दोनदा गिलावा केला, आणि भिंत जमिनीला मिळते तिथला कोपरा बाटलीच्या बुडाने गोल घोटला, कारण पाणी आधी कोपऱ्यातच वाट शोधते. मी वीस वर्षे माल कालवते आहे. कालवलेला माल नापसंत करून इतक्या वेळा पुन्हा कालवायला लावणारा माणूस दुसरा पाहिला नाही. पहिल्या आठवड्यात मी त्यांना मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या. आता दुसऱ्याच्या हाताखाली जायला मन घेत नाही.

काल सकाळी हिंदुराव म्हणाले, "साहेबांचं बिऱ्हाड रविवारी येतंय. आजच फरशा लावून मोकळे व्हा." मिस्त्री म्हणाले, "पानी कोंडून बघितल्याबिगर न्हाई. खालनं पाझराय लागलं तर फरशी काय झाकणार हाय?" हिंदुराव तणतणत निघून गेले. मिस्त्रींनी आवाजही चढवला नव्हता. राग आला होता तो मला.

मग दहाच्या सुमारास मोरी बंद करून चार बोटे पाणी भरले आणि पाण्याच्या कडेने भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारली. शेजारी पत्र्याचा डबा भरून ठेवला, त्यातही रेघ मारली. डबा कशाला, असे मी विचारले. म्हणाले, "उन्हानं डब्यातलं जेवढं उडंल, तेवढंच खालचं उडंल. त्याच्यापरीस जास्त गेलं तर गळालं म्हनायचं." हे त्यांना कोणी शिकवलेले नाही. असे डोके असलेल्या माणसाला चोरासारखे भिंतीशी उकिडवे बसवले, याचे मला फार वाईट वाटते, हे लिहून घ्यावे. शिवाय आज गुन्हा नोंदला तर उद्या त्यांना कोणता ठेकेदार कामावर घेईल?

इथे जबाब थांबवून अकरा वाजता जमादार, मिस्त्री, हिंदुराव व मी बंगल्यावर गेलो. हिंदुराव यांनी सकाळी लावलेले कुलूप काढले. डब्यातले पाणी रेघेखाली नखभर उतरले होते. जमिनीवरचेही तेवढेच. जमादारांनी दोन्ही काडीने मोजून पाहिले, मग मागच्या बाजूला जाऊन भिंतीला हात लावला. कोरडी होती.

मिस्त्रींनी रेघेकडे पाहिलेच नाही. ते वरच्या गिलाव्याला तळहात लावून उभे राहिले. म्हणाले, "सकाळधरनं कुनी पानी मारलं न्हाई. भिंत तहानलीया. आदी तिला पाजू द्या जमादार, मग मला कुठं न्यायचं तिथं न्या." जमादारांनी स्वतः बादली उचलून त्यांच्या हातात दिली. हिंदुराव म्हणाले, "मला वाटलं, रागाने केलंय." मग त्यांनी कोट काढून खिळ्याला अडकवला आणि दुसरी बादली घेतली. फिर्याद मागे घेतो, असे त्यांनी तिथेच जमादारांना सांगितले. मिस्त्री आत्ता भिंतीला पाणी मारत आहेत.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितल्याबरहुकूम आहे. फक्त एका ठिकाणी माझ्या तोंडी 'घाव' लिहिले होते, ते खोडून 'टाचे' करायला लावले. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही-अंगठा घेत नाहीत, असे जमादार म्हणाले. तरी त्या शब्दापाशी मी अंगठा उमटवला आहे.