धाडच्या रसवंतीवरचा बर्फ

अगं, त्या दिवशी धाडच्या स्टँडवर मी रडायचीच बाकी होते. कापडाची खळ काढणारं एन्झाइम आम्ही लॅबमध्ये वर्षभर खपून सुधारलं होतं. त्याची एकुलती एक नळी मी चाचणीसाठी एसटीनं बुलढाण्याला नेत होते. धाडला बस बंद पडली आणि डब्यात नळीभोवती घातलेल्या बर्फाचं पाणी झालं. मी धावत रसवंती गाठली.

"काकू, थोडा बर्फ द्या ना! वर्षभराचं काम वाया जाईल."

"असं काय हाये त्याच्यात, माय?"

"एन्झाइम. आधीचं गरम पाण्यात खराब व्हायचं. हे उकळत्या पाण्यातही टिकतं."

बर्फ फोडता फोडता काकू थांबल्या. "मंग याले बर्फ काऊन पाह्यजे?"

मी जीभ चावली. बर्फ मात्र मी घेतलाच.