कवितेतली ‘तू’

कार्मेल डोंगराचा चढ चढताना बस अशी डुलत होती, की नित्झाचे डोळे मिटायला आले होते. पुढच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

“काय गं हेदवा, बर्लिनला कविता वाचायला निघालीस, पण दुभाष्या मिळाला का?”

“तिघांना परत पाठवलं. कालच्यानं आईवरची कविता जर्मनमध्ये ऐकवली, तर जर्मन जाणणारी शेजारीण विचारते, तुमचा प्रियकर कधी वारला?”

“अगं बाई!”

“आपल्या हिब्रूत नुसतं ‘तू’ म्हटलं तरी बाई की बुवा ते कळतं. त्यांच्या ‘तू’मध्ये काहीच कळत नाही.”

“मग एवढे नखरे कशाला? तू मूळची बर्लिनचीच ना! उभी राहा आणि सांग की स्वतःच.”

“माझं जर्मन सात वर्षांचं आहे, ब्रुर्या. इकडे यायला बोटीत बसले तेव्हापासून वाढलंच नाही. दूध, बूट, पांघरूण, एवढंच येतं त्याला.”

“कवितेत तरी दुसरं काय आहे?”

खाली समुद्र पेंगत पडला होता. नित्झाचा थांबा आला नि गेला. ती उठली नाही.

“कवितेत आई गेलीय. त्या भाषेत ती अजून दिवा मालवायला येते. तिथं ही बातमी परक्या माणसानंच सांगितलेली बरी.”