शेपटाला शिवलेली चिठ्ठी

आमचे वडील, अण्णा, कुणालाच भीत न्हाईत म्हणता ना, मग हे ऐका. लेकीच्या शाळेनं घरच्यांनी मिळून सातासमुद्रापल्याडच्या माया लोकांसारखा पतंग करायला सांगितला. तिकडं म्हणे पतंगाला चिठ्ठी लावून गेलेल्या माणसांना निरोप धाडतात. भोकर गावच्या घरी आम्ही सगळे कामट्यांवर कागद चिकटवून राहिलो होतो. आई तेवढी कोपऱ्यात बसून लांबलचक चिठ्ठी लिहीत होती.

अण्णांनी विचारलं, “कुणाला?”

“तुमच्या आईला.”

“काय लिहिलंस?”

“आमचं सासू-सुनेचं हाय.”

आईनं चिठ्ठी घडी करून शेपटाला शिवूनच टाकली. अण्णा दिवसभर त्या शेपटाभोवती घुटमळले. उडवायच्या वेळी दोरा त्यांनीच हातात घेतला. पतंग लिंबाच्या शेंड्यापर्यंत गेला अन् थांबला.

लेक म्हणाली, “अण्णा, ढील द्या की.”

“बास एवढंच,” अण्णा म्हणाले. “अजून वर गेला तर माझी आई चिठ्ठी वाचंल.”