झाकण तीन बोटं उघडं

भाचा : नाही काका, ह्याला दोनच शिंगं आहेत. चार शिंगांचा तो मघाचा, त्याला तुम्ही नापास केलंत.

काका : शिंगं नव्हे, अँटेना. आणि मी नापास केलेलं नाही, तो स्वतःच्या गुणांनी नापास झाला. त्याचा दिवा सारखा लुकलुकतो.

भाचा : अहो, लुकलुकतो म्हणजे तो काम करतोय!

काका : काम करणाऱ्यानं काम करावं, डोळे मारू नयेत.

मावशी : ऐकलंस? आठ दिवस हेच चाललंय. तू माझा सख्खा भाचा म्हणून अजून बसलायस. दुसरा कुणी दुकानदार असता तर तिन्ही डबे उचलून केव्हाच पळाला असता.

भाचा : मावशी, माझ्या दुकानात गिऱ्हाईक येतं, म्हणतं, घरात नेट सगळीकडे पोचत नाही, एक्स्टेंडर द्या. मी एक पुढं करतो, ते घेऊन जातं. पाच मिनिटांचा मामला. इथं मी आल्यापासून नुसता नकाशा बघतोय.

काका : बघावाच लागेल. एकास पन्नास प्रमाण. प्रत्येक खोलीत दर दोन फुटांवर उभं राहून मोबाइलवरच्या रेघा मोजल्यात. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. हा बाण म्हणजे उत्तर.

भाचा : वायफायला उत्तर दिशा कशाला लागते?

काका : वायफायला नाही लागत. नकाशाला लागते.

मावशी : चाळीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या, आता घराची पाळी. परवा मी आपली भाजी निवडत बसलेय, तर हे माझ्या डोक्यावर मोबाइल धरून उभे! वर मलाच म्हणतात, हलू नकोस, इथं दीड रेघ आहे.

काका : तू हललीस आणि एकच राहिली.

भाचा : बरं, ते जाऊ दे. मावशी, तुला नेट नेमकं हवंय कुठं?

मावशी : आतल्या खोलीत, माझ्या शिवणाच्या मशीनपाशी. बाकी घर गेलं खड्ड्यात. रोज पाचला पोरीचा फोन येतो, तोंड दिसतं तिचं, तेवढंच माझं सुख. आणि नेट लागतं कुठं, तर फक्त ह्या सोफ्यावर. सोफ्याला चिकटून ह्यांची खुर्ची. मी हॅलो म्हणायचा अवकाश, की ह्यांना खोकला सुटतो. पेपर तर असा फडफडवतात, जणू कबुतरं उडवतायत.

काका : खोकला आला तर माणसानं काय करावं?

मावशी : पाच ते साडेपाच येतो. उरलेले साडेतेवीस तास छाती ठणठणीत!

भाचा : म्हणजे काका, तुम्ही अजून फूटपट्टीशी बोलत नाही?

काका : कोण फूटपट्टी?

भाचा : घ्या! अहो, तुमची मुलगी. नाव तुम्हीच पाडलंत ना? एवढीशी होती तेव्हा पट्टी घेऊन तुमच्या मागं फिरायची. माझं नाकसुद्धा मोजलं होतं तिनं. वर सांगितलं, दादा, तुझं वाकडं आहे.

काका : वाकडंच आहे. आपण एक्स्टेंडरबद्दल बोलत होतो.

मावशी : दोन वर्षं झाली रे. त्या कोपऱ्यावरच्या प्लॉटची मोजणी होती, बापलेक दोघं गेले होते. ह्यांनी खूण केली, हद्द इथं. ती पटकन म्हणाली, बाबा, एक वीत चुकतंय. चारचौघांत.

काका : चारचौघांत नाही. अकरा माणसं होती.

मावशी : बघ, तीही मोजलीत! मग काय, ह्यांनी सगळ्यांदेखत तिला सांगितलं, तू घरी जा. ती घरी आली, बॅग भरली, आणि दुसऱ्या गावी मोजणीचीच नोकरी धरली. तेव्हापासून ती माझ्या फोनमध्ये आणि हे त्या खुर्चीत. एक शब्द नाही.

भाचा : आणि वीत? खरंच चुकली होती का?

मावशी : ते ह्या घरात विचारायचं नसतं.

काका : तिसरा डबा उघड. वेळ चाललाय.

भाचा : हा घ्या. ह्याचा दिवा एकच आणि तोही झोपलेला. ह्याला तुम्ही नावं ठेवूच शकत नाही.

काका : हा फार गरम होईल.

भाचा : अजून लावलाच नाही!

काका : म्हणून तर आताच सांगतोय. घाई कशाला? बाजारात अजून दोन-चार प्रकार असतील. पुढच्या आठवड्यात सावकाश बघू.

मावशी : पुढचा आठवडा, पुढचा महिना! अहो, तुमची तर ब्यादच टळतेय ना? मी आत जाऊन बोलेन, तुम्ही इथं सुखानं पेपर वाचा. कशाला आडवं पडताय? अरे, तू ऐकू नकोस ह्यांचं. लाव.

भाचा : लावतोच. आता नीट बघ मावशी. हा काही स्वतः नेट बनवत नाही. राउटरकडून येतं ते उचलतो आणि पुढं ढकलतो. म्हणून ह्याला मध्ये लावायचा, पॅसेजमध्ये. हा लावला. आता दिवा हिरवा झाला की... झाला की...

मावशी : लाल झाला.

भाचा : झाला खरा. थांब, दुसरा लावून बघतो. हाही लाल? दोन्ही नवे कोरे आहेत!

काका : मी म्हटलं नव्हतं? माल खराब आहे. घेऊन जा परत.

भाचा : माल खराब नाही काका. त्याला इथं उचलायलाच काही मिळत नाहीये. राउटर आठ पावलांवर आणि पॅसेजमध्ये एक रेघ? असं कसं होईल? गेल्या वर्षी राउटर मीच बसवला. तेव्हा मागच्या गॅलरीत उभं राहून मी नेटवरूनच बायकोला फोन लावला होता, चांगली भांडलो पंधरा मिनिटं. एकदाही तुटला नाही.

मावशी : अरे, गेल्या महिन्यापर्यंत आतल्या खोलीत झकास लागायचं! ह्यांचा तो खोकला ऐकून एका सोमवारी मी म्हटलं, ह्यांना त्रास नको, आपणच आत जावं. सोमवारी अर्धा तास बोलले मशीनपाशी बसून. मंगळवारी बघते तर नेट गायब.

भाचा : मंगळवारीच?

मावशी : मंगळवारी सकाळी. दृष्ट लागली जशी.

भाचा : काका, तो नकाशा द्या जरा.

काका : आता कशाला नकाशा? मघाशी तर हसत होतास.

भाचा : ह्यात राउटर दारावरच्या फळीवर दाखवलाय.

काका : तिथंच तू बसवलास.

भाचा : मी बसवला. पण आता त्या फळीवर फुलदाणी आहे.

काका : तो जुना नकाशा असेल.

भाचा : खाली आजची तारीख आहे. सहीसुद्धा आहे.

मावशी : अगंबाई, ती फुलदाणी तिथं कधी गेली? मी म्हणतेय, हरवली कुठं.

भाचा : आणि वायर बघ. फळीवरून निघाली, भिंतीकडेनं गेली, आणि चढली लोखंडी कपाटावर. काय टापटिपीनं नेलीय! दर वितीला एक खिळा. मावशी, स्टूल दे.

काका : स्टुलाचा पाय मोडलाय.

मावशी : काही मोडलेला नाही. हे घे. जपून चढ.

(स्टूल सरकवल्याचा आणि मग पत्रा वाजल्याचा आवाज.)

भाचा : मावशी, इथं एक पत्र्याचा डबा आहे.

मावशी : तो ह्यांच्या जुन्या टेपांचा. मोजणीच्या.

भाचा : त्यात टेप नाहीत. राउटर आहे. बिचारा आत कोंबलाय आणि वर झाकण. झाकण थोडंसं उघडं ठेवलंय, तेही बरोबर सोफ्याच्या बाजूला.

काका : तीन बोटं.

मावशी : काय?

काका : झाकण तीन बोटं उघडं आहे. दोन बोटांनी सोफ्यावरसुद्धा लागेना. चार केली तर पॅसेजपर्यंत जायचं. तीन बरोबर बसली.

भाचा : म्हणजे दर दोन फुटांवर उभं राहून तुम्ही हे मोजत होतात?

काका : धूळ बसत होती म्हणून ठेवला डब्यात.

मावशी : धूळ? अहो, खोटं बोलताना तरी जरा चांगलं बोला! महिनाभर मी ह्या सोफ्यावर अवघडून बसतेय, तुमचा खोकला ऐकतेय. पोराला दुकान बंद करून इथं बोलावलं. आणि तुम्ही डब्यात झाकून ठेवलंत? माझा एवढा छळ कशासाठी? पोरीचं तोंड बघते ते तुम्हाला बघवत नाही?

काका : तसं नाही गं.

मावशी : मग कसं? आणि वर चक्क खोटा नकाशा काढलात! तुम्ही! जन्मात कधी काढला नव्हता.

काका : नव्हता काढला. हा पहिलाच.

भाचा : मी खाली उतरू का? की वरच थांबू?

काका : अगं, ती भिंत नऊ इंची आहे.

मावशी : कुठली भिंत?

काका : आतल्या खोलीची. त्या सोमवारी तू आत गेलीस, दार लोटलंस. मी भिंतीला कान लावून उभा राहिलो. हसल्याचा आवाज आला, पण तू हसलीस की ती, तेही कळेना. दोन वर्षं तिचा आवाज तुझ्या फोनमधूनच ऐकतोय मी. तोही आत गेला, तर पाच वाजता मी काय करू?

मावशी : अहो... मग खोकत कशाला होतात?

काका : तू फोन कानाला लावायचीस म्हणून.

मावशी : म्हणजे?

काका : तोंड बघून झालं की तू फोन कानाला लावतेस आणि बाजू वळवतेस. मग तिचं काही ऐकू येत नाही. मी खोकायचो, म्हणजे तुझ्या लक्षात येईल आणि तू स्पीकर लावशील.

मावशी : कर्म माझं! मला वाटायचं तुम्हाला आमचं बोलणं सोसत नाही. म्हणून तुम्ही खोकलात की मी आणखी हळू बोलायचे!

काका : म्हणून मी आणखी मोठ्यानं खोकायचो.

भाचा : आणि मी तीन डबे घेऊन आलो! काका, तोंडानं सांगायचंत ना, स्पीकर लाव म्हणून.

काका : तोंडानं सांगायचं म्हणजे मग पुढचंही सांगावं लागलं असतं.

मावशी : पुढचं काय?

काका : काही नाही.

भाचा : पाच वाजले. आणि फोनही आलाच, मावशी. पोरीचाच आहे.

मावशी : घ्या.

काका : मी? छे. तू बोल. मी पेपर वाचतो. फक्त स्पीकर लाव.

मावशी : मी हात लावणार नाही. तुम्ही उचलला नाहीत तर वाजून वाजून बंद पडेल, आणि उद्यापासून मी शेजारी जाऊन बोलीन. तिकडं नऊ इंची दोन भिंती आहेत.

काका : अगं, पण मी बोलू काय तिच्याशी?

भाचा : एक्स्टेंडरचं विचारा! उचला काका, उचला, तुटेल!

काका : हॅलो... आई आहे, इथंच आहे. ठीक आहे ती. मी... मी बोलतोय. ... हो, मीच. ... नाही, कुणाला काही झालेलं नाही. ते, घरात एक्स्टेंडर बसवायचाय. कुठं बसवावा?

मावशी : तोंड तरी दाखवा तिला. कानाला काय लावलाय?

काका : गप्प बस गं. तुला नाही, आईला म्हटलं. ... नकाशा आहे ना. पण तो चुकलाय. ... हो, माझाच. माझाच चुकलाय. ... नाही, मुद्दाम. हा मुद्दाम चुकला. तो नाही. तो खरंच चुकला होता.

भाचा : मावशी, कुठला तो?

मावशी : श्श.

काका : कोपऱ्यावरचा. तू गेल्यावर मी दुसऱ्या दिवशी पहाटे एकटा जाऊन परत मोजला. एक वीत चुकली होती माझी. तू बरोबर होतीस, आणि अकरा माणसांसमोर मी तुला घालवून दिलं. ती खूण मी काढून नीट केली, सगळ्यांना सांगितलं. फक्त तुला सांगायचं राहिलं. ... फूटपट्टी? ... अगं, रडतेस काय? ... काय? ... वीत आणि दोन बोटं? ... हो. वीत आणि दोन बोटं. बरोबर आहे तुझं. मी दोन बोटं सोडूनच दिली होती.

मावशी : अहं... अहं... अहं!

भाचा : मावशी, पाणी आणू?

मावशी : पाणी नको रे मला. अहं! अहं!

काका : एक मिनिट हं बाळा. तुझी आई खोकतेय. थांब, स्पीकर लावतो.