गमबुटातली बाटली

— ‘थेंब प्यालो नाही’ म्हणे. मग बाटली अर्धी कशी झाली, बाबा? उंदरांनी पार्टी केली का?

— ओरडू नकोस, कॉनर. वर तुझी बहीण झोपलीय.

— गमबुटात ठेवली होती मी जिन. डाव्या. वर दोन मोजे कोंबले होते.

— बूट सरकवला तर खळखळला. असल्या जागा मीच शोधून काढल्यात, पोरा. तुझ्या आईला चुकवायला मी पिठाचा डबा वापरायचो.

— हसण्यावारी नेऊ नकोस. परवा तिचं लग्न आहे. टेगनने काय सांगितलंय, ऐकलंयस ना? तू प्यालेला दिसलास तर ती चर्चमध्ये एकटी चालत जाईल. तुझा हात धरणार नाही.

— ऐकलंय. चार वेळा. ये इकडे, तोंड हुंग माझं.

— … चहा. आणि कांदा.

— झालं समाधान? तुझी जिन खिडकीत आहे. पडद्यामागे, लोणच्याच्या बरणीत.

— ही? यात फुलं टाकलीस तू?

— एल्डरच्या झाडाची. तुझी आई प्रत्येक लग्नाला रात्रभर जिनमध्ये भिजवायची ना. सकाळी गाळायची, मग लिंबू, साखरेचा पाक, वरून गार सोडा. ती गेली म्हणून टेगनच्या लग्नात ते नसावं, हे काही बरं नाही.

— ते मी करणार होतो. म्हणून तर बाटली आणली.

— मला वाटलं, शाळेसारखं हेही अर्ध्यात टाकशील.

— अर्ध्यात टाकण्याबद्दल तू बोलतोस?

— बोलतो. अनुभव दांडगा आहे माझा.

— थांब, झाकण काढतो… शी. बाबा, मांजर मुतल्यासारखा वास येतोय.

— काहीतरीच. बघू.

— तू नको. लांब हो तू. कधी तोडलीस फुलं?

— काल संध्याकाळी. पावसाची सर थांबल्यावर.

— ओली, आणि वर संध्याकाळची. आई काय सांगायची? दव सुकलं की लगेच, ऊन तापायच्या आत. नाहीतर फुलाचं मांजर होतं.

— आठवतंय रे. पण सकाळी मला जमत नाही. चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही जमतो, दारू सोडलेले लोक. तिथे नाही गेलो तर माझा दिवस धड जात नाही.

— रोज तिथे जातोस?

— तुला काय वाटलं, कुठे जातो?

— पबमध्ये.

— सकाळी सकाळी कुठला पब उघडा असतो, गाढवा?

— मला काय माहीत. मी विचारलंच नाही कधी.

— मीही सांगितलं नाही. सांगून सांगून किती वेळा मोडलंय, आता सांगायलाच लाज वाटते.

— म्हातारीला तरी विचारलंस का? एल्डरच्या झाडात राहते म्हणायची ना आई, तिला?

— गेलो होतो विचारायला. तोंडच उघडेना. विचारायची तुझी आई, मी नुसती टोपली धरायचो. मग तशीच तोडली, चोरासारखी.

— तरीच. म्हातारी चिडली.

— सगळी नासवली ना मी?

— अर्धी बाटली उरलीय. एकेका पेल्यापुरती होईल. ओढ्याकाठच्या झाडाला वर अजून गुच्छ आहेत. काय म्हणायची आई त्या म्हातारीला?

— ‘म्हातारे, आमच्या घरी लग्न आहे. थोडी फुलं नेऊ का?’

— एवढंच?

— एवढंच. मग जरा थांबायची. झाड नको म्हणालं नाही की कात्री लावायची.

— बरं. मी येईपर्यंत लिंबं चीर. पाक करायला ठेव. बिनजिनचा जगही करायचाय, तुझ्यासाठी आणि पोरांसाठी. त्याची चव तूच बघ. आईच्या हातची कशी लागायची, मला आता नीट आठवत नाही.

— मला आठवते. कॉनर…

— काय?

— ही उरलेली बाटली. परत बुटात ठेवू का?

— बूट मला घालायचेत. ओढ्याला चिखल आहे.

— मग कुठे ठेवू?

— राहू दे टेबलावर. मला आता निघायला हवं, दव सुकलं.